रोल दोनशे बारा

नेरेओ फुर्लानिकचे रोल मी धुतले
एकतीस वर्षं, त्रिएस्तच्या कावाना गल्लीतल्या तळघरात,
लाल दिव्याखाली, बोटं हायपोनं पिवळी.
त्याच्याबद्दल लोक आता जे बोलतात
त्यातलं निम्मं खरं आहे.

कोट एकच होता, हे खरं.
डाव्या खिशात फिल्म, उजव्यात उकडलेलं अंडं.
एकदा घाईघाईत अंडंच माझ्या हातात ठेवून
"हा जरा जास्त वेळ डेव्हलप कर" म्हणाला
आणि गेलासुद्धा.

न बघताच फोटो काढायचा, हे खोटं.
बघायचा. पण आधी पाय बघायचे.
तीन पावलं, एवढ्यावर फोकस बांधलेला,
रिंगवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका.
तीन पावलांच्या अलीकडचं त्याला नको असायचं,
पलीकडचं परवडायचं नाही.

बोरा वारा सुटला की शहर दारं लावून घेतं.
कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधतात,
म्हाताऱ्या ते धरून औषधाच्या दुकानापर्यंत जातात.
हा नेमका त्याच दिवशी बाहेर.
पाठ भिंतीला, दोर काखेत.
"उडणारी टोपी कुणीही टिपेल," म्हणायचा,
"टोपी गेल्यावर माणूस आधी डोकं चाचपतो.
तेवढ्यापुरता तो सात वर्षांचा असतो."

पोन्तेरोस्सोच्या बाजारात शनिवारी
सीमेपलीकडून बस भरभरून माणसं यायची, जीन्स घ्यायला.
एकीवर एक अशा तीन चढवून
कस्टमवाल्यासमोरून ताठ चाललेली ती बाई
तुम्ही पाहिली असेल, कॅलेंडरवर आली होती.
तिच्या मागे, अंधुक, एक पोरगा
दातात दोरा धरून बुटाचा तळ शिवतोय.
प्रिंट काढताना मी त्या पोरावर हात धरला,
चार सेकंद प्रकाश अडवला, तेवढा तो उजळला.
नेरेओनं पाहिलं. बोलला काहीच नाही.
पुढच्या रोलबरोबर दोन अंडी आणली.

पण मी सांगणार होते ते हे नाही.

त्याच्या प्रत्येक रोलमध्ये एखाददुसरी चौकट रिकामी.
निगेटिव्ह काचेसारखी स्वच्छ,
प्रिंटवर मिट्ट काळोख.
मी शटरला बोल लावला,
दोनदा कॅमेरा दुरुस्तीला पाठवायला लावला.
मग मासे विकणाऱ्या ओन्दीनानं सांगितलं,
कुणी मान हलवली, नको म्हटलं,
की तो लेन्सवर तळहात ठेवतो
आणि तरीही बटण दाबतो.

कशाला, म्हटलं मी, फिल्म काय फुकट येते?
तीन महिन्यांची उधारी माझ्याच वहीत होती.
"होती ना ती बाई तिथं," म्हणाला.
"मग मोजायला नको?"

काल म्युझियमची मुलगी आली, पांढरे हातमोजे घालून.
टेबलभर कॉन्टॅक्ट शीट्स.
भिंग सरकत सरकत
रोल दोनशे बारावर थांबलं.
अठराव्या चौकटीत सान जुस्तोच्या चढावरची पायरी, ओला कुत्रा.
विसाव्या चौकटीत तीच पायरी, कुत्रा गेलेला.
मध्ये काळं.

मध्ये मी आहे.
पंच्याहत्तरचा फेब्रुवारी, पहाटेचे सहा,
ज्या दारातून बाहेर पडले ते माझं नव्हतं.
बूट हातात.
समोर तीन पावलांवर तो, कॅमेरा अर्धा वर उचललेला.
मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी रोल घेऊन आला,
कॉफी कशी महागली त्याबद्दल बराच वेळ बोलला.
रोल मीच धुतला. चिमट्याला लावून मीच वाळवला.
एकोणिसाव्या चौकटीतून पलीकडची भिंत दिसत होती,
नळ, कॅलेंडर, माझा ॲप्रन.

"हे काय असेल?" मुलीनं विचारलं.
फिल्ममधला दोष, म्हटलं मी.
त्या काळी असायचे.

तिनं वहीत लिहून घेतलं.
अक्षर छान होतं तिचं.